गेटपर्यंतचं चालणं

प्राचार्यांनी मला खोलीत बोलावलं आणि सांगितलं, की विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी कॉलेजात एक कक्ष उघडायचा आहे, वरून तसं परिपत्रक आलंय, आणि कक्षाची प्रमुख म्हणून त्यांनी माझं नाव घातलंय.

"मीच का सर?"

"तुम्ही शांत असता," ते म्हणाले.

मी शांत असते ती रक्तदाबाच्या गोळीमुळं. एखादे दिवशी गोळी चुकली तर काय होतं ते माझ्या नवऱ्याला विचारावं. पण हे काही प्राचार्यांना सांगण्यासारखं नव्हतं. मी 'बरं' म्हटलं आणि बाहेर आले.

हुबळीच्या या कॉलेजात मी वीसेक वर्षं अर्थशास्त्र शिकवतेय. माहेर धारवाडचं. वडील तिथल्या कोर्टात वकील होते आणि त्यांची जीभ मला वारशानं मिळालीय. माझ्या तासाला मुलं झोपत नाहीत. याचं श्रेय अर्थशास्त्राला आजवर कुणी दिलेलं नाही. एखाद्या मुलावर मी काही बोलले, वर्ग हसला, की तास चांगला झाला असं मी समजायची. शिक्षकांच्या खोलीतही माझी बोलणी फिरत असत. त्याचा मला थोडा अभिमानच होता.

कक्षासाठी खेळाच्या सामानाशेजारची खोली मिळाली. आत एक टेबल टेनिसचं टेबल होतं, त्यावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. माझे एकमेव सहकारी म्हणजे आमचे खेळाचे सर. फिजिकल डायरेक्टर म्हणून सगळं कॉलेज त्यांना पीडी म्हणतं. तरुणपणी कबड्डी गाजवलेला माणूस, आता गुडघा गेलेला. कानडी माणूस, पण मराठी झकास बोलतात, फक्त दर वाक्याला आपला 'री' जोडतात. मैदान विचाराल तर अर्ध्यावर आम्हा प्राध्यापकांच्या गाड्या उभ्या असत. उरलेल्या अर्ध्यावर बांधकामाची वाळू.

"मॅडम री, मनाचं तुम्ही बघा, अंगाचं मी बघतो," पीडी म्हणाले. मग माझ्या अंगाकडे आणि स्वतःच्या गुडघ्याकडे बघून गप्प झाले.

काय करायचं ते आम्हाला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात गोकुळ रोडला कारखाना असलेले आमचे एक माजी विद्यार्थी मदतीला आले. त्यांनी मनगटावर बांधायचे, पावलं मोजणारे काळे पट्टे कॉलेजला भेट दिले. चालल्यानं मन प्रसन्न राहतं, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. प्राचार्यांना कल्पना फारच पसंत पडली, कारण पावलांचा तक्ता करता येतो. मनाचा करता येत नाही, ही त्यांची जुनी अडचण होती. मग आम्ही वर्गावर्गांत पट्टे वाटले आणि स्पर्धा लावली. दर सोमवारी मुलांनी पट्टे घेऊन यायचं, पीडींनी आकडे संगणकात भरायचे, आणि ज्या वर्गाची पावलं जास्त त्याचं नाव फलकावर. आकड्याशेजारी एक चेहरा काढायचा होता, हसरा, मधला किंवा रडका. सगळे हसराच काढत. रडका काढला तर मॅडम बोलावून घेतात, अशी बातमी पहिल्याच आठवड्यात फुटली होती.

दुसऱ्याच आठवड्यापासून बी.ए. दुसऱ्या वर्षाचा वर्ग पुढं गेला आणि पुढंच राहिला. बाकीचे वर्ग जवळपासही नव्हते. मी त्या वर्गाची मार्गदर्शक शिक्षिका, त्यामुळं मान माझा. खरं तर मला थोडी शंका यायला हवी होती. कारण या वर्गातली मुलं पहिल्या मजल्यावर यायला लिफ्टपाशी रांग लावतात. पण स्वतःच्या वर्गाचं कौतुक चाललेलं असताना शंका येत नाही. प्राचार्य मला जिन्यात थांबवून म्हणाले, "काय केलंत हो तुम्ही?" मी म्हटलं, "काही नाही सर, थोडं प्रोत्साहन." ते खरंच होतं. मी काहीच केलं नव्हतं.

मी नवनगरात राहते. सकाळी बीआरटीएसची बस धरते आणि विद्यानगरात उतरते. एका सोमवारी बसमध्ये खिडकीपाशी बसले होते. बस सिग्नलला थांबली. बाजूच्या रस्त्यानं एक मुलगी भराभरा चालत निघाली होती. पाठीला सॅक, पायात साध्या चपला. वाऱ्यानं ओढणी उडाली म्हणून तिनं हात वर केला तशी बाही खाली सरकली, आणि मला दिसलं, की मनगटापासून कोपरापर्यंत काळे पट्टेच पट्टे. लग्नातल्या नवरीनं चुडा भरावा तसे. दुसऱ्या हाताची बाहीही तशीच फुगलेली.

मी ओळखलं. दुसऱ्या वर्षाची मुलगी. अळणावरजवळच्या खेड्यातली, मराठी घरातली. पहिल्या वर्षी माझ्या पुढच्या बाकावर बसायची. पण अलीकडं वर्गात बघितल्याचं आठवेना.

आता इथं मी खरं सांगते. मला तिची काळजी वाटली नाही. मला चोर सापडल्याचा आनंद झाला. पुढच्या थांब्याला मी उतरले, रस्ता ओलांडला, आणि ती मागून येऊन माझ्या पुढं गेली तशी तिच्या मागं लागले. वीस वर्षांत मी इतकं भराभर चालले नव्हते. साडीचा घोळ सावरत, धापा टाकत मी तिला नजरेआड होऊ दिलं नाही. काय काय बोलायचं ते मनात तयार होत होतं, आणि वाक्यं छान जमतही होती.

कॉलेजच्या गेटासमोर रस्त्यापलीकडं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं ती थांबली. तिची एक मैत्रीण वाट बघत होती. हिनं हातावरचे पट्टे उतरवले, सॅकमधले आणखी काढले, पिशवीत घालून तिला दिले. मैत्रीण गेटातून आत पळाली. मी झाडाआडून बघत होते. आता ही पण आत जाईल, मग धरू, असा माझा बेत.

ती रस्ता ओलांडून गेटापर्यंत गेली. उभी राहिली. दोन्ही हातांनी सॅकचे पट्टे घट्ट धरले. आत बघत राहिली. पहिल्या तासाची घंटा झाली, मुलं तिच्या बाजूनं धक्के देत आत गेली. आणि ती वळली, आणि आलेल्या वाटेनं परत चालायला लागली.

माझी तयार वाक्यं तिथंच अडली. मीही वळले. माझा तास होता, तो बुडाला. पण तेव्हा ते लक्षातसुद्धा आलं नाही.

ती उणकलच्या तळ्यापर्यंत गेली. काठावरच्या बाकावर बसली तेव्हा मी गाठलं. मला बघून ती ताडकन उठली.

"मॅडम, माझं नाव काटू नका," हे तिचं पहिलं वाक्य.

मला श्वास घ्यायला वेळ लागला. मी बाकावर बसले, तिला खूण करून बसवलं. "पट्टे कुणाचे?"

"वर्गाचे."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे न्हाईत. तिघंजण स्वतः घालत्यात." ती मान खाली घालून बोलत होती. "मी चालतेच रोज, तर घेऊन जा म्हणाले. मला काय जड न्हाई हुत."

"आणि वर्गात का येत नाहीस?"

 तळ्यावर दोन बायका भिंतीला हात टेकून व्यायाम करत होत्या, त्यांच्याकडं ती बघत राहिली. मी पुन्हा विचारलं. आवाज कसा ठेवायचा ते मला कळत नव्हतं. वर्गातला आवाज इथं चालणार नाही एवढंच कळलं.

"घरातनं निघते," ती म्हणाली. "आत्तीकडं ऱ्हाते मी, नवनगरला. बसमधी बसलं की श्वास अडकतो, म्हणून चालत येते. चालताना बरं असतं. गेटापाशी आलं की छातीत धडधड सुरू हुती. हात थंड पडत्यात. आता मरते की काय असं वाटतंय. मग मागं फिरले की थांबतंय."

आत्ती म्हणजे आत्या. आमच्याकडं कानडीच्या शेजारानं तसंच म्हणतात.

"आणि दिवसभर?"

"तळ्याला फेऱ्या मारते. दोन वाजता घरी जाते. आत्तीला वाटतंय कॉलेजला गेली."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"आत्तीनं नेलं हुतं. छातीची पट्टी काढली. काय न्हाई म्हणाले." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "काय न्हाई म्हटल्यावर मग घरात काय सांगायचं, मॅडम?"

मी विचारलं, हे कधीपासून. तिनं सांगायचं टाळलं. मी दोनदा विचारलं तेव्हा म्हणाली, "तुम्हाला आठवत नसंल. तुमच्या तासाला माझा सेमिनार हुता. चलनवाढीवर."

मला आठवत नव्हतं. पण ती सांगायला लागली आणि आठवलं. ती आठवली नाही, माझं वाक्य आठवलं. कॉलेज सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात, मला नुकतं कक्षाचं प्रमुख केलेलं. वर्गासमोर एक मुलगी हातात कागद धरून उभी होती. इंग्रजीतलं पहिलं वाक्य बोलली आणि थांबली. मिनिटभर, दोन मिनिटं. मी म्हटलं होतं, "आमच्या कक्षाला मुलांमध्ये जी शांतता आणायची आहे, ती हिच्याकडं आयतीच आहे. हिलाच प्रमुख करायला हवं." वर्ग खो खो हसला होता. मी ते वाक्य नंतर शिक्षकांच्या खोलीतही सांगितलं, आणि तिथंही सगळे हसले. ती मुलगी कोण, हे त्यानंतर माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. तिच्या नावापुढं मी दीड महिना गैरहजेरी लावत होते, अगदी नीट, निळ्या शाईनं.

"म्हणजे माझ्यामुळं," मी म्हटलं.

"तुमच्यामुळं न्हाई मॅडम," ती घाईघाईनं म्हणाली. "तेव्हापासनं. एवढंच."

मला वकिलाच्या घरातली मुलगी म्हणून हा फरक लगेच कळला. पण त्यानं बरं वाटलं नाही.

मी विचारलं, "चहा घेणार?" ती नको म्हणाली. मग दोघी बसून राहिलो. मानसिक स्वास्थ्य कक्षाच्या प्रमुखाला अशा वेळी काय बोलायचं असतं, ते परिपत्रकात दिलेलं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "उद्या किती वाजता निघतेस?"

"आठला."

"मी पण येते."

दुसऱ्या दिवशी बूट घालून गेले. मुलाचे जुने होते, पुढं बोळे घालून बसवलेले. तिनं ते बघितले आणि चाल जरा कमी केली. निम्म्या वाटेत मला थांबावं लागलं. ती माझी पिशवी घेऊन पुढं उभी राहिली. तिथं मी तिला सांगितलं, "मी वर्गात बोलले ते चुकलं."

"असू दे की मॅडम."

"असू दे म्हणू नकोस. चुकलं."

तिनं माझी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाली, "बरं." आणि चालायला लागली. मला हलकं वाटायला हवं होतं, पण माझं सगळं लक्ष बुटातल्या बोळ्यांवर होतं.

तिच्या घरी बोलणं भाग होतं. धारवाडच्या मनोरुग्णालयात दाखवू या, असं मी म्हटलं तशी आत्या घाबरली. "धारवाडच्या त्या दवाखान्यात? तिथं कसली माणसं नेत्यात ठाऊक आहे ना तुम्हाला? पोरीचं लग्न व्हायचंय." तिच्या अप्पांना, म्हणजे वडिलांना, फोन गेला. ते दुसऱ्याच दिवशी गावाहून आले. धुतलेला सदरा, हातात नव्या तांदळाची पिशवी. भाताची शेती, वर्षभर घाम गाळणारा माणूस. मी त्यांना समजावायला अर्धा तास तरी लागेल अशा तयारीनं बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बहिणीला म्हणाले, "ताप असता तर नेलंच असतं की. मग ह्याला काय झालं? चला." मला व्याख्यान द्यायची संधी मिळाली नाही.

धारवाडच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्यापेक्षा लहान होत्या. मुलीशी त्या बराच वेळ एकट्या बोलल्या. मग आम्हाला आत घेतलं. छातीला काही झालेलं नाही हे खरं, पण तिला होतंय तेही खरंच आहे, असं त्यांनी अप्पांना कानडीत आणि मराठीत, दोन्हींत सांगितलं. भीतीचे झटके आहेत. काही महिने गोळी घ्यायची, दर पंधरा दिवसांनी येऊन बोलायचं. चालणं सोडायचं नाही, ते चांगलंच आहे. फक्त चालून पळ काढायचा नाही. गेटापाशी धडधड झाली तरी तिथंच उभं राहायचं, ती आपोआप उतरते का ते बघायचं. आज गेट, चार दिवसांनी गेटाच्या आत चार पावलं.

जाताना त्यांनी मला विचारलं, "तुम्ही तिच्या कोण?"

"कॉलेजच्या मानसिक स्वास्थ्य कक्षाची प्रमुख."

"अरे वा," त्या म्हणाल्या. "चांगला चालतो का कक्ष?"

अप्पा बाजूलाच उभे होते. मी म्हटलं, "मुलं चालतात."

त्याच आठवड्यात वर्गाचा सत्कार होता. पट्टे देणारे कारखानदार स्वतः आले, फिरता चषक घेऊन. मला व्यासपीठावर बसवलं. ते बोलले, "या वर्गानं दाखवून दिलं, की मनात आणलं तर सगळे मिळून किती पुढं जाता येतं." वर्गानं टाळ्यांचा कडकडाट केला. वर्गप्रतिनिधी चषक घ्यायला आला तो जिना चढून धापा टाकत होता. हे सगळं बोगस आहे हे मला माहीत होतं. मी उठून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिचं नाव आधी आलं असतं, असं मी स्वतःला पटवलं. त्यात माझा मान टिकत होता, हेही आहेच.

पीडींना मात्र सांगितलं. त्यांनी आधी संगणकातला तक्ता पुन्हा बघितला. मग म्हणाले, "ओब्बाकी? एकटीच? सगळ्या वर्गाचं?" आणि असे हसले की टेबलावरचा एक गठ्ठा खाली आला. हसणं थांबल्यावर म्हणाले, "मॅडम री, या पोरीचे पाय मला बघायचेत."

मुलगी गेटात उभी राहायला लागली. पहिल्या दिवशी मी घड्याळ धरून शेजारी उभी होते. तिचा चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला. मी काही बोलले नाही. बोललं की माझ्याकडून काहीतरी विनोदी निघतं, ही भीती आता मलाच बसली होती. दहाएक मिनिटांनी ती म्हणाली, "उतरलं." आणि आम्ही परत फिरलो. असं करत करत व्हरांडा, मग खेळाच्या सामानाची खोली. तिथं पीडींनी तिला काम दिलं, जुनी शटलकॉक निवडून बरी आणि फाटकी वेगळी करायची. रोज ती तासभर शटलकॉक निवडे. कक्षात येऊन बसणारी ती पहिली विद्यार्थिनी. कामाचं निमित्त नसतं तर तीही बसली नसती.

मग हजेरीचा प्रश्न आला. हजेरी कमी असलेल्यांची यादी लागली, त्यात तिचं नाव सगळ्यात वर. परीक्षेला बसता येणार नाही. घरी पाठवायच्या पत्रावर सही कुणाची, तर वर्गाच्या मार्गदर्शक शिक्षिकेची. मी प्राचार्यांकडं गेले. ते खरंच सज्जन माणूस. त्यांनी नियमांचं पुस्तक काढून वाचून दाखवलं. आजारपणाची सूट काही दिवसांचीच होती, तेवढ्यानं भागत नव्हतं. पूर्ण सूट होती ती कॉलेजतर्फे स्पर्धेत भाग घेणाऱ्या खेळाडूंना, सरावाच्या दिवसांसकट.

मी उतरलेल्या तोंडानं पीडींना हे सांगितलं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"चालायची शर्यत असते री मॅडम."

"कसली?"

"चालायची. आंतरमहाविद्यालयीन. मुलींची पण असते. आपल्याकडून आजपर्यंत कुणी गेलंच नाही. पोरं म्हणतात, सर, चालायला कशाला शर्यत?" ते उठून उभे राहिले, गुडघा विसरून. "आणि सराव तर तिनं केलाय. सगळा आकडा माझ्या संगणकात आहे. वीस जणांच्या नावावर आहे, एवढंच."

मी मुलीला विचारलं. लोकांसमोर जायचं म्हटल्यावर ती कचरली. मग विचारलं, "तिथं बोलावं लागतंय?"

"नाही. नुसतं चालायचं."

"मग येते."

महिनाभर पीडींनी तिला भल्या सकाळी, गाड्या यायच्या आत, मैदानावर शिकवलं. या चालण्याचे नियम विचित्र. एक पाऊल कायम जमिनीला टेकलेलं हवं, आणि पुढचा गुडघा ताठ. कंबर हलवत चालावं लागतं. पहिल्या दिवशी ते करून दाखवताना पीडी स्वतःच बसले, मग तिनं त्यांना हात देऊन उठवलं. मीही मागं मागं चालायची. कंबर हलवण्याचा भाग मी सोडून दिला.

शर्यत धारवाडला झाली. दहा-बारा मुली होत्या. मी आणि अप्पा कुंपणाला टेकून उभे. शिट्टी झाली आणि आमची मुलगी पहिल्याच फेरीत सगळ्यांच्या पुढं गेली. अप्पा पुटपुटले, "भात घेऊन बांधावरनं अशीच यायची." दुसऱ्या फेरीत पंचांनी तिला इशारा दिला. पीडी कडेनं लंगडत पळत ओरडत होते, "गुडघा! गुडघा बघ!" तिचं लक्षच नव्हतं. ती नुसती सुटली होती. आधी एक लाल पाटी लागली, मग दुसरी, आणि चौथ्या फेरीत तिसरी. तीन पाट्या म्हणजे बाद; पंच पुढं आले आणि त्यांनी तिला बाहेर काढलं. दोन्ही पावलं उचलतेस, म्हणजे पळतेस, म्हणाले.

 एवढं सगळं करून पुन्हा लोकांसमोर हेच. मी कुंपणाला वळसा घालून तिच्याकडं धावले, खरोखर धावले. ती मातीत बसली होती, गुडघ्यांवर डोकं टेकून, आणि खांदे हलत होते. मी शेजारी टेकले. तिनं तोंड वर केलं तेव्हा ती हसत होती. इतकं, की डोळ्यांतून पाणी येत होतं.

"मॅडम," ती कशीबशी म्हणाली, "हळू चाल म्हणून काढलं मला."

पीडी धापा टाकत पोचले. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "चिंती माडब्याड, काळजी करू नको. भाग घेतला की नाही? घेतला. नियमात 'जिंकणं' कुठं लिहिलेलं नाही."

भाग घेतल्याचं प्रमाणपत्र मिळालं. ते जोडून मी हजेरीच्या सवलतीचा अर्ज प्राचार्यांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला.

"ही आपली खेळाडू? मला कशी कधी दिसली नाही?"

"ती बाहेरच असते जास्त, सर."

"छान, छान. मुलांनी बाहेर पडलंच पाहिजे," म्हणून त्यांनी सही केली.

ती परीक्षेला बसली. दाराजवळच्या बाकावर, वाटलं तर उठून जाता येईल अशा बेतानं. दोनदा उठली, व्हरांड्यात उभी राहून परत आली. गोळ्या आणि डॉक्टरीणबाईंकडच्या खेपा वर्षभर चालल्या, मग गोळी बंद झाली. धडधड अजून कधीमधी होते, तिनंच मला सांगितलं. पण आता ती 'येऊ दे' म्हणते.

पट्ट्यांच्या बॅटऱ्या दिवाळीनंतर संपल्या आणि स्पर्धाही संपली. पुढल्या वर्षी हास्यव्यायामाचं परिपत्रक आलं. माझ्या जिभेबद्दल विचाराल तर ती काही सुधारली नाही. फक्त कुणी वर्गात उभं राहून अडखळलं, की मी खिडकीतून बाहेर बघते आणि थांबते. तास थोडे कंटाळवाणे झालेत. परवा एक मुलगा खरोखर झोपला.

त्या परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी ती नवनगरला माझ्या घरी आली. दारातच उभी राहिली. मी विचारलं, "काय झालं?"

"सगळे विषय सुटले मॅडम."

"मग तोंड असं का?"

"एक ऱ्हायला." ती ओठ दाबून उभी होती. "तुमचाच."

 मग तीच फिस्सकन हसली, आणि मलाही आवरेना. नवरा आतून बघायला आला, गोळी चुकली की काय म्हणून.

त्या उन्हाळ्यात दर शनिवारी ती वही घेऊन येत असे. जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघी मागणीची लवचिकता करत बसायचो. आता कसं वाटतंय, असं मी तिला एकदाही विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. तिचा आलेख दर वेळी उलटा यायचा. मी खोडायची, ती पुन्हा काढायची.